लघवीचं छिद्र जरा खाली आहे. ऑपरेशन करावंच लागेल?

प्रश्न : माझा मुलगा आठ महिन्यांचा आहे. त्याचं लघवीचं छिद्र टोकाच्या किंचित खाली आहे. डॉक्टरांनी ‘सौम्य हायपोस्पॅडियास’ सांगितलं. ऑपरेशन करावंच लागेल का? पुढे मूल होण्यात अडचण येईल का?

उत्तर : ताई, आधी मनातून अपराधीपणा काढून टाका. गरोदरपणात तुमचं काही चुकलं म्हणून हे झालेलं नाही. गर्भात मूत्रनलिका टोकापर्यंत पूर्ण जुळली नाही की असं होतं. साधारण दोन-तीनशे मुलग्यांत एकाला हे असतं आणि बहुतेकांत सौम्यच.

अंघोळीच्या वेळी नीट बघा. लघवीची धार सरळ, एकसंध पडते का? शिश्न ताठरतं तेव्हा खाली वाकतं का? धार सरळ आणि बाक नसेल, तर ऑपरेशन न करणं हाही योग्य निर्णय आहे. अशा मुलांना पुढे मूल होण्यात सहसा अडचण येत नाही. धार खाली किंवा तिरकी जात असेल, छिद्र अरुंद असेल किंवा बाक असेल, तर सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान शस्त्रक्रिया करतात. नंतर कधी टाक्यांजवळून लघवी झिरपते, तेव्हा पुन्हा दुरुस्ती लागते. हा धोका आधीच विचारून घ्या. दोन्ही वृषण खाली उतरलेत ना, हेही तपासून घ्या.

बालशल्यचिकित्सकांना दाखवेपर्यंत सुंता मात्र करू नका. सुंतेत काढतात ती कातडी दुरुस्तीला लागू शकते.