गच्चीवर यंत्र बसविताना घ्यावयाची काळजी

गावातील दूध संकलन केंद्रात जागेची टंचाई भासली की दूध थंड करणाऱ्या यंत्राचा कंप्रेसर गच्चीवर बसविण्याचा विचार पुढे येतो. छताने वजन पेलले म्हणजे झाले, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती अपुरी आहे. माणसांच्या वावरासाठी बांधलेली गच्ची दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो वरभार धरून आखलेली असते. यंत्राचे वजन मात्र चार पायांवर एकवटते, आणि त्यात कंपाची भर पडते.

कंप कसा वाढतो?

झोपाळ्यास त्याच्याच लयीत हलके झोके दिले तरी तो उंच जातो. छतालाही अशी स्वतःची लय असते. एकूण भाराने ४ मिलिमीटर वाकणारे छत सेकंदास सुमारे ९ वेळा कंप पावते. मिनिटास ५४० फेरे घेणारे यंत्र याच लयीत फिरते. त्यामुळे त्याचा किंचित असमतोलही छत हादरवितो. गिलाव्यास तडे जातात व गळती सुरू होते. १४४० फेऱ्यांचे यंत्र सेकंदास २४ वेळा फिरते, म्हणून या लयीपासून दूर राहते. यास्तव गच्चीवर मंदगती यंत्राविषयी अधिक सावध असावे.

उपाय

१. यंत्र छताच्या मध्यावर ठेवू नये. खांबांवर अथवा भक्कम भिंतींवर टेकणाऱ्या तुळयांवर त्याचा भार द्यावा.

२. यंत्राखाली रबरी गाद्या किंवा स्प्रिंगा द्याव्यात. १४४० फेऱ्यांच्या यंत्राखाली त्या निदान ४ मिलिमीटर दबाव्यात. म्हणजे ताठ आधारावर कंपाचा सुमारे आठवा हिस्साच खाली उतरतो. ५४० फेऱ्यांसाठी सुमारे २८ मिलिमीटर दाब लागतो; तेथे रबराचे तुकडे निरुपयोगी, स्प्रिंगाच हव्यात. छत स्वतः वाकत असल्यास याहून अधिक दाब ठेवावा.

३. नळ्यांना लवचीक जोड द्यावेत; अन्यथा कंप त्यांच्या वाटे भिंतीत शिरतो.

४. बोल्टसाठी गच्चीच्या जलरोधक थरास छिद्रे पाडू नयेत.

यंत्र चढविण्यापूर्वी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी छताची तपासणी अभियंत्याकडून करवून घ्यावी. छताच्या बळकटीविषयी शंका उरल्यास इमारतीच्या पायापासून अलग असा काँक्रीटचा चौथरा जमिनीवर बांधून त्यावर यंत्र बसविणे, हेच श्रेयस्कर होय.