सोपाऱ्याचा दगड

चि. सईस,

संग्रहालय पाहणे वेगळे आणि संग्रहालयात फिरून येणे वेगळे. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाऊण तासात उरकून, घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून दिवेलागणीला घरी पोचलेल्या भाचीचे वर्तन दुसऱ्या प्रकारात मोडते. तिच्या आईने दीडशे फोटो पाठवले. त्यांत सोपाऱ्याचा दगड नाही.

हा दगड म्हणजे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना तो सोपाऱ्यात सापडला, तेव्हा सोपारे ठाणे जिल्ह्यात होते. वसईच्या खाडीपलीकडचा, म्हणजे घरचाच दगड. बेसॉल्टवर ब्राह्मीच्या मोजक्या ओळी, तुटलेल्या. समोरून पाहिल्यास अक्षरे सपाट वाटतात. जरा बाजूला सरून, वाकून तिरपे पाहिले की खोबणीत सावली भरते आणि अक्षर उठून दिसते. पाटी नंतर वाचावी. आधी वाचली की डोळे काम सोडतात.

भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर घारापुरीचा दगडी हत्ती आहे. १८६४ साली विलायतेला नेण्यासाठी उचलताना तो पडून फुटला. १९१४ मध्ये तुकडे जोडले. सांधे अजून दिसतात. ते दाखवायला आजोबांनी एकदा मामाचे बोट धरून ठेवले होते. मामाला राणीच्या बागेतले जिवंत हत्ती पाहायची घाई. बोट सोडवून तो पळाला. आजोबा एकटेच त्या हत्तीभोवती फिरत राहिले. त्यांना काय दाखवायचे होते, हे विचारायचे राहूनच गेले.

पाऊण तास हा काही गुन्हा नव्हे. सोबत मैत्रिणी, पोटात भूक. शिवाय एका फोटोत घुमटाखालच्या लाकडी नक्षीचा नुसता कोपरा आला आहे. तो मुद्दाम टिपला असेल, तर वरचे सगळे बोलणे मागे घेण्याजोगे आहे. दगड मात्र राहिलाच.

आठव्या लेखाचा पूर्ण मजकूर गिरनारसारख्या ठिकाणी मिळतो. राजाने शिकारीच्या सहली सोडून धर्मयात्रा सुरू केल्या. त्यांत वृद्धांचे दर्शन घेणे आणि त्यांना सोने देणे आले. सोने मामाला नको. पण तिरपे पाहायला वाकावे लागते, आणि वाकताना हल्ली त्याला कोणाचा तरी हात धरावा लागतो.

— मामा