वळचणीची गळती

आमचे घर मंगळुरी कौलांचे आहे. (अशा कौलांचा पहिला कारखाना प्लेब्स्ट नावाच्या जर्मन मिशनऱ्याने १८६५ साली मंगळूरला काढला, म्हणून हे नाव.) यंदा मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात मागच्या भिंतीला वरून ओल आली. भिंत मातीची. तिला लागूनच वर्षभर खायच्या भाताची कणगी. आजी म्हणाली, "भिंत बसली तर भातावरच बसेल."

पाणी ठिपकत होते त्याच्या बरोबर वरचे कौल बाबांनी बदलले. तरी गळायचे ते गळतच राहिले. मग आजोबांनी बॅटरी मागितली आणि मला वासा दाखवला. वाशाच्या खालच्या अंगाला पाण्याची ओळ चमकत होती. "भोक वर आहे पोरी. पाणी वाशाला धरून खाली येतं आणि भिंत लागली की तिथं मुरतं."

मला हे खरे वाटेना. मित्रांनो, तांब्यातले पाणी अगदी हळू ओतून पाहा. ते सरळ न पडता तांब्याच्या पोटावरून ओघळते. वाशाचेही तसेच.

उघडीप मिळाल्यावर बाबांनी बाहेरून शिडी लावली. वळचणीचे काम शिडीवरूनच होते, ओल्या कौलांवर पाय द्यावा लागत नाही. शेवटची ओळ काढली तर खालची रीप दोन हात कुजलेली! गेल्या वर्षी तिथे गळू नये म्हणून बाबांनीच प्लॅस्टिकचा कागद खुपसला होता. त्यात पाणी साठून लाकूड गेले. बाबा काही बोलले नाहीत, आजोबाही नाहीत.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक कौलाचे खालचे टोक पुढच्या कौलावर टेकते. शेवटच्या कौलाला पुढे कौलच नाही, ते रिपेवर टेकते. म्हणून वळचणीची रीप बाकीच्यांपेक्षा एका कौलाच्या जाडीइतकी उंच हवी. आमची रीप कुजून खाली बसली, कौल पुढे झुकले, आणि त्याच्या वरच्या कौलाशी फट पडली. वाऱ्याचा पाऊस त्या फटीतून आत यायचा.

बाबांनी दोन रिपा एकावर एक ठोकल्या. आधी त्यांना काजूच्या टरफलांचे तेल लावले. ते हाताला लागले तर फोड येतात, म्हणून मला हात लावू दिला नाही. कौले परत बसवताना शेवटचे कौल रिपेच्या पुढे चार बोटे ठेवले, म्हणजे पागोळी अंगणात पडते.

नंतर बाबांनी वरून दोन कळश्या ओतल्या. मी आत वाशाला हात लावून उभी होते. हात कोरडाच राहिला.

भिंत मात्र अजून ओली आहे. कणगी आम्ही हातभर पुढे ओढली आणि आजी रोज संध्याकाळी तिथे शेगडी ठेवते.

– इयत्ता ७ वी