विरजणातले जिवाणू आणि शास्त्राची कसोटी

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने जिवाणूंवर लेख लिहावा याचे काहींना नवल वाटेल. पण निमित्त घरचेच घडले. धाकट्या भावाला जुलाब होऊ लागले तेव्हा आजीने ताक पुढे केले, तर शेजाऱ्यांनी 'प्रोबायोटिक' असे छापलेली महागडी बाटली आणायला सांगितली. "दोन्हींत जंतूच ना? मग पैसे कशाचे?" हा आजीचा प्रश्न. उत्तर मला देता येईना. पुढे वाचनातून जे हाती लागले, ते येथे मांडतो.

या विचाराचे जनक एली मेचनिकॉफ. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील या शास्त्रज्ञाला १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते मात्र रोगप्रतिकारावरील कार्याबद्दल. मोठ्या आतड्यात अन्न कुजवणारे जिवाणू विषे निर्माण करतात व त्यामुळे वार्धक्य येते. आंबट दुधातील जिवाणू त्यांना आळा घालतात, असे त्यांनी १९०७ मध्ये मांडले. बल्गेरियातील दीर्घायुषी शेतकरी हा त्यांचा दाखला होता. परंतु १९२१ मध्ये अमेरिकेत रेटगर व चेपलिन यांनी दाखविले, की दह्यातील हा बल्गेरियन जिवाणू आतड्यात मुक्काम करीत नाही. मग आतड्यात तग धरणाऱ्या जिवाणूंचा शोध सुरू झाला. जपानमध्ये मिनोरू शिरोता यांनी १९३० साली असा एक वाण वेगळा काढला व १९३५ पासून त्याचे पेय विकले जाऊ लागले.

२००१ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी व्याख्या ठरविली : जिवाणू जिवंत हवेत, पुरेशा संख्येने हवेत आणि त्यांच्यापासून आरोग्याला लाभ व्हायला हवा. शिवाय गुण वाणाचा असतो, केवळ जातीचा नव्हे. ज्वारी एकच, पण मालदांडीची भाकरी निराळी, तसेच हे.

दोन प्रयोग पाहा. ओडिशातील खेड्यांत ४,५५६ नवजात अर्भकांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. 'लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम'चा एक वाण व त्याचे खाद्य असलेली शर्करा सात दिवस दिल्यावर जंतुदोष अथवा मृत्यू यांचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. उलट २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगात, जुलाब-उलट्या झालेल्या ९७१ बालकांवर दुसऱ्या एका प्रसिद्ध वाणाचा काहीच उपयोग दिसला नाही.

तेव्हा आजीला मी सांगितले : आपले विरजण घरोघर बदलते, त्यातले जिवाणू कोणी ओळखले वा मोजलेले नाहीत, म्हणून त्याला 'प्रोबायोटिक' म्हणता येत नाही. तरीही दही पौष्टिक आहे, आणि ज्यांना दूध पचत नाही त्यांना ते बहुधा पचते. बाटलीवर मात्र वाणाचे नाव, संख्या आणि कोणत्या विकारावर प्रयोग झाला, हे विचारल्याशिवाय पैसे मोजू नयेत. आणि जुलाबांत पहिला मान मीठ-साखरेच्या पाण्याचाच.

भाऊ तीन दिवसांत बरा झाला. आजी श्रेय ताकाला देते. एका उदाहरणावरून ते ठरविता येत नाही, एवढे मी या अभ्यासातून शिकलो; आजीला ते अजून पटलेले नाही.