पॉलिसी संपली, बिल संपलं नाही...

हॉस्टेलवर कुणाचा अपघात झाला की आपण सगळ्यात आधी काय करतो? वर्गणी काढतो! पाचशे-पाचशे रुपये गोळा होतात, रेक्टर सर घरी फोन लावतात, आणि कुणीतरी म्हणतं, "अरे, त्याचा मेडिक्लेम आहे, काळजी नाही." खरी काळजी इथूनच सुरू होते. मेडिक्लेमला मर्यादा असते, मोडलेल्या मांडीच्या हाडाला नसते. मर्यादेच्या वरचे पैसे कुठून येऊ शकतात, याची आपल्याला फारशी माहिती नसते. म्हणून हा लेख.

कसबा बावड्यात राहणाऱ्याला रस्त्याची भीती सांगायला नको. बावड्यातून शियेकडे गेलं की पुणे-बेंगळुरू हायवे. गळीत हंगामात राजाराम कारखान्याकडे येणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या, कित्येकांना मागे रिफ्लेक्टर नाही. रात्री जेवायला बाहेर पडणारे आपण, गाडी मित्राची, हेल्मेट रूमवर!

आधी मर्यादा म्हणजे काय ते बघू, कारण ती एक नसते, दोन असतात. पॉलिसीवर ठळक छापलेली रक्कम ही पहिली. दुसरी आत बारीक अक्षरात असते : खोलीभाडं. बऱ्याच पॉलिसींत दिवसाचं भाडं विमा रकमेच्या १ टक्का एवढंच मान्य असतं. समजा पॉलिसी ३ लाखांची आहे, म्हणजे भाडं ३,००० पर्यंत. नातेवाईकांनी ६,००० ची खोली घेतली आणि पेशंट दहा दिवस राहिला. कंपनी फक्त भाडं निम्मं करून थांबत नाही, तर सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळंच त्या प्रमाणात निम्मं करते! औषधं, तपासण्या, हाडात घालायचा रॉड आणि आयसीयूचं भाडं मात्र अशा कपातीतून वगळायचं, असं विमा नियामक प्राधिकरणाने २०२० मध्ये ठरवून दिलं.

आता गणित करू (आपण इंजिनिअर आहोत शेवटी). एकूण बिल ३,४०,०००. त्यात खोली ६०,०००, मिळाले ३०,०००. सर्जन, थिएटर वगैरे १,४०,०००, मिळाले ७०,०००. औषधं, रॉड, तपासण्या १,२०,०००, पूर्ण मिळाले. हातमोजे, डायपर, जेवण असल्या किरकोळ गोष्टी २०,०००, मिळाले शून्य. बेरीज २,२०,०००. म्हणजे ३ लाखांची पॉलिसी पूर्ण वापरलीही गेली नाही आणि खिशातून १,२०,००० गेले. ३ लाखांच्या वर चालू होणारा टॉप-अप घेतला असता तरी इथे तो चालूच झाला नसता. त्यामुळे खोली निवडायच्या आधी पॉलिसीतली भाड्याची ओळ वाचायची, आणि पेशंटजवळ थांबलेल्या मित्राने ती वाचायची, कारण घरचे गावाहून पोचेपर्यंत खोली ठरलेली असते.

बिल वाढायच्या आधीच वापरायच्या काही सोयी आहेत. पैसे भरून झाल्यावर त्यांचा उपयोग होत नाही, म्हणून त्या आधी सांगते. केंद्र सरकारने ५ मे २०२५ रोजी अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस उपचार योजना जाहीर केली. कुठल्याही रस्त्यावर मोटार वाहनामुळे अपघात झाला तर अपघाताच्या तारखेपासून सात दिवसांपर्यंत, माणशी दीड लाखापर्यंतचा उपचार ठरलेल्या हॉस्पिटलमध्ये विनामूल्य. चूक कुणाची हे इथे विचारत नाहीत, पण अपघाताची खात्री पोलिसांकडून व्हावी लागते. त्यामुळे ११२ ला फोन हवाच. "पोलिसांचं लफडं नको" म्हणून आपापसात मिटवणारे इथेच दीड लाख घालवतात.

दुसरी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. तिची मर्यादा आधी कुटुंबाला वर्षाला दीड लाख होती, १ जुलै २०२४ पासून ती ५ लाख झाली आणि सगळ्या रेशनकार्डवाल्यांना ती खुली आहे. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला पहिल्याच दिवशी भेटायचं. आपल्याकडचं सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, या योजनेत आहे. रेशनकार्ड लातूरला किंवा सिंधुदुर्गात असतं आणि पेशंट कोल्हापुरात, ही हॉस्टेलवाल्यांची नेहमीची अडचण! कार्डाचा आणि आधारचा फोटो आजच मोबाईलमध्ये ठेवा. तिसरं म्हणजे धर्मादाय हॉस्पिटलं. मुंबई हायकोर्टाच्या २००६ च्या योजनेप्रमाणे त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना फुकट आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. बाहेरून चकचकीत दिसणारं हॉस्पिटलही धर्मादाय असू शकतं, विचारायला लाजू नये.

हे सगळं करूनही पैसे खिशातून गेले, आणि चूक समोरच्या गाडीची होती. मग?

मग मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेलं, 'न्यायाधिकरण' हा शब्द मी पहिल्यांदा या लेखासाठी वाचताना नीट उच्चारला! पण गोष्ट सोपी आहे. प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, तो गाडीसाठी नसून त्या गाडीने ज्याला धडक दिली त्याच्यासाठी असतो. त्याच्याकडून भरपाई मिळते ती फक्त हॉस्पिटलच्या बिलाची नाही. पुढची ऑपरेशनं, सांभाळायला ठेवलेला माणूस, बुडालेलं उत्पन्न, अपंगत्व हे सगळं त्यात येतं. विद्यार्थी आज कमवत नाही म्हणून त्याचं नुकसान शून्य धरत नाहीत. अर्थात आपलीही काही चूक असेल तर तेवढा हिस्सा कापला जातो.

कंपन्या इथे एक मुद्दा काढायच्या : "तुम्हाला मेडिक्लेमचे पैसे मिळाले, तेवढे वजा करा." आपल्या उदाहरणात म्हणजे फक्त १,२०,०००. यावर वेगवेगळे निकाल येत होते. शेवटी मुंबई हायकोर्टाच्या तीन न्यायमूर्तींच्या पूर्णपीठाने २८ मार्च २०२५ रोजी ठरवलं की मेडिक्लेमची रक्कम भरपाईतून वजा करायची नाही. मेडिक्लेम हा आपण हप्ता भरून केलेला करार, त्याचा फायदा धडक देणाऱ्याला का मिळावा? म्हणजे पूर्ण ३,४०,००० चा दावा करता येतो. अमेरिकेत अनेकदा आरोग्य विमा कंपनीच तुमच्या भरपाईतून आपले पैसे परत मागते, त्या मानाने आपला निकाल पेशंटच्या बाजूचा आहे. मला तो अगदी पटला.

पण दाव्यासाठी कागद लागतात. मेडिक्लेम कंपनी ओरिजिनल बिलं ठेवून घेते, म्हणून देण्याआधी सगळ्याचे सर्टिफाइड झेरॉक्स काढा आणि कंपनीने किती दिले, किती नाकारले त्याचं पत्र मागून घ्या. शिवाय एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार बिल. ट्रॉलीने धडक दिली असेल तर ट्रॅक्टर आणि ट्रॉली दोन्हींच्या नंबरचे फोटो हवेत, कारण ट्रॉलीचं रजिस्ट्रेशन वेगळं असतं. अर्ज अपघातानंतर सहा महिन्यांच्या आत करायचा, असं १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत आहे. पाय प्लास्टरमध्ये असताना सहा महिने कधी जातात कळत नाही. अर्ज अपघात झाला तिथे किंवा आपल्या गावच्या जिल्ह्यातही करता येतो. कोल्हापुरात करायचा तर जिल्हा न्यायालय बावड्यातच आहे, चालत जाण्यासारखं.

गाडी पळून गेली तर? हिट अँड रनला गंभीर दुखापतीसाठी ५०,००० आणि मृत्यूसाठी २ लाख सरकारकडून मिळतात. फ्रॅक्चरच्या बिलापुढे ५०,००० म्हणजे काहीच नाही, पण मागितलेच नाहीत तर तेही नाहीत.

आता हॉस्टेलवाल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. गाडी मित्र चालवतोय, तुम्ही मागे बसलाय, आणि गाडी घसरली ती मित्राच्याच चुकीने. तुमचं बिल कोण देणार? मित्राच्या टू-व्हीलरला नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर मागे बसणारा त्यात येत नाही, असा सुप्रीम कोर्टाचा २००६ चा निकाल आहे. पॅकेज पॉलिसी असेल तर येतो. आणि गाडीमालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो तो मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी, हॉस्पिटलच्या बिलासाठी नाही. पार्किंगमधल्या किती गाड्यांचा विमा नुसता थर्ड पार्टी आहे, हे एकदा आपापल्या मित्राला विचारून बघा! (ट्रिपल सीटवाल्यांना : तिघे बसले होते एवढ्याच कारणाने भरपाई कापता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये म्हटलंय. पोलिसांचा दंड वेगळा, पडल्यावरचं दुखणं त्याहून वेगळं.)

न्यायाधिकरणाने कमी रक्कम दिली तर ९० दिवसांत हायकोर्टात अपील असतं. पूर्वी त्यासाठी मुंबईला हेलपाटे घालावे लागायचे, आणि जाण्यायेण्याच्या खर्चाला घाबरून कित्येक जण मिळालं त्यावरच गप्प बसत. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच इथेच सुरू झालंय, भाऊसिंगजी रोडवरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत. सीपीआरच्या बरोबर समोर.