एकटीचा हिशेब आणि सभासदाचा हिशेब

द्वितीय वर्ष कला

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात आणि सोलापूर जिल्ह्यात जो पाऊस झाला, त्याचे वर्णन या वाचकांसमोर करण्याची गरज नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरांनी तो भोगला आहे. आमच्या शेताला लागून एक ओढा आहे. उन्हाळ्यात त्यातून कोरड्या पायांनी पलीकडे जाता येते. त्या आठवड्यात त्याचे पाणी आमच्या आणि शेजाऱ्यांच्या रानात शिरले. काढणीला आलेले सोयाबीन तीन दिवस पाण्याखाली राहिले. पाणी ओसरल्यावर पाहिले, तर ओढ्याकडच्या बाजूची काळी माती वाहून जाऊन खालचा मुरूम उघडा पडला होता. पीक गेले तर पुढच्या हंगामात पुन्हा घेता येते. माती गेली की ती एका माणसाच्या आयुष्यात परत येत नाही.

रस्ता सुरू झाल्यावर मी वसतिगृहातून घरी गेले. वडील बांधावर बसून होते. मला पाहून ते म्हणाले, "येवढं शिकतीस, तर सांग की, ह्ये आसं का व्हायलंय?" आमच्या घरात महाविद्यालयात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे असे प्रश्न माझ्याकडेच येतात. मला जे ठाऊक होते ते मी सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि दुसरा प्रश्न विचारला, "मग आपुन काय करायचं?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या दुसऱ्या प्रश्नाचा मी केलेला अभ्यास होय.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात असे. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. म्हणून तापलेल्या हवेतून पाऊस पडतो तेव्हा तो अधिक जोराने पडू शकतो. कोळशाच्या ज्वलनाने हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढेल आणि पृथ्वी तापेल, असा हिशेब स्वीडनचे शास्त्रज्ञ स्वांटे अऱ्हेनियस यांनी १८९६ सालीच मांडला होता. हवाई बेटांवरील मौना लोआ येथे चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली या वायूची नियमित मोजणी सुरू केली. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. २०२४ साली तो ४२० भागांच्या वर गेला.

आपल्या जवळचा पुरावा पुण्याचा आहे. तेथील भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली एक संशोधन प्रसिद्ध केले. महाराष्ट्राचा समावेश असलेल्या मध्य भारताच्या पट्ट्यात, दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या, असा त्यांचा निष्कर्ष आहे. कोणत्याही एका पावसाकडे बोट दाखवून 'हा केवळ त्यामुळेच पडला' असे लगेच म्हणता येत नाही. परंतु असा पाऊस पडण्याचा संभव वाढला आहे, हे म्हणता येते.

एकटीचा हिशेब

आता दुसरा प्रश्न. माणसाला हतबल वाटते ते कशामुळे? मला वाटते, ते एका गणितामुळे. दगडी कोळसा, खनिज तेल आणि वायू यांच्या वापरातून जगात दरवर्षी सुमारे ३,७०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भारतात दरडोई प्रमाण सुमारे दोन टन आहे. म्हणजे एका सरासरी भारतीयाचा वाटा १,८५० कोटींमध्ये एक. आमच्या घरात एक दुचाकी, चार दिवे, दोन पंखे आणि गॅसची एक शेगडी आहे. आमचा वाटा सरासरीइतकाही नसेल. उद्यापासून मी दिवा लावला नाही, एस. टी. ऐवजी पायी आले, तरी त्या आकड्यात काही फरक दिसणार नाही. अमेरिकेतील माणसाचा सरासरी वाटा सुमारे १४ टन आहे. म्हणजे माती आमची गेली आणि धूर मुख्यतः दुसऱ्यांचा, असा हा व्यवहार आहे.

हे गणित चुकीचे नाही. म्हणूनच 'छोट्या छोट्या गोष्टींनी जग बदलते' असे कोणी व्यासपीठावरून सांगितले की आम्हा मुलींना ते खरे वाटत नाही. येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. प्रत्येकाने आपापल्या घराचा कार्बनचा हिशेब मांडावा ही कल्पना लोकांमध्ये रुजविण्यात एका मोठ्या तेल कंपनीच्या जाहिरातींचा मोठा हात होता. २००४ च्या सुमारास त्या कंपनीने असा हिशेब करण्याचे साधनच लोकांना उपलब्ध करून दिले. हिशेब करणे वाईट नव्हे. पण त्यामुळे तेल उपसणारा बाजूला राहतो आणि गिऱ्हाईक एकटे आपल्या घरात आपल्या दोषांची यादी करीत बसते. एकट्या गिऱ्हाइकाला हतबल वाटणे स्वाभाविक आहे, कारण गिऱ्हाईक म्हणून त्याच्या हाती खरोखरच फार थोडे असते.

धुराची खोली

परंतु हतबलतेला केवळ गणितच कारणीभूत आहे असे नाही. पुरानंतर मी वसतिगृहात परतले, तेव्हा आमच्या खोलीतील चौघींपैकी तिघींच्या घरचे पीक गेलेले होते. आठ दिवस कोणीच त्याविषयी बोलले नाही. परीक्षेविषयी बोललो, खानावळीच्या भाजीविषयी बोललो. इतरांना एवढे काही वाटत नसावे, असे प्रत्येकीला वाटत होते.

याचा उलगडा मला मानसशास्त्राच्या पुस्तकात सापडला. १९६८ साली बिब लाटाने आणि जॉन डार्ली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एका खोलीत बसवून प्रश्नावली भरायला दिली आणि भिंतीतील झरोक्यातून खोलीत धूर सोडला. खोलीत एकटा विद्यार्थी असेल, तर १०० पैकी ७५ जण उठून बाहेर जाऊन धुराची खबर देत. परंतु सोबत प्रयोगकर्त्यांचीच दोन माणसे काही न झाल्यासारखी लिहीत बसलेली असली, तर खबर देणाऱ्यांचे प्रमाण अवघ्या दहा टक्क्यांवर येई. बाकीचे डोळे चोळत, खोकत लिहीतच राहिले. मागाहून विचारल्यावर काहींनी सांगितले, की ती वाफ असावी असे वाटले.

आमची खोलीही त्या प्रयोगातील खोलीच होती. फरक इतकाच, की आमच्यात प्रयोगकर्त्यांचे कोणी नव्हते. आम्ही चौघीही खऱ्या, आणि चौघीही एकमेकींसाठी गप्प बसणारी माणसे. म्हणजे हतबलतेचा एक भाग आकड्यांतून येतो, तर दुसरा भाग एकमेकांच्या मौनातून येतो. पहिल्यावर आपला इलाज फारसा चालत नाही. दुसऱ्यावर चालू शकतो.

गायरान आणि पाणी

येथे अर्थशास्त्राचे विद्यार्थी एक आक्षेप घेतील. बोलून काय होणार? गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली आपल्या प्रसिद्ध निबंधात गायरानाचे उदाहरण दिले आहे. गायरान सर्वांचे असते. आणखी एक जनावर सोडण्याचा फायदा एकट्याला मिळतो आणि चारा संपल्याचा तोटा सर्वांत वाटला जातो. म्हणून प्रत्येक जण जनावरे वाढवीत जातो आणि शेवटी गायरान उजाड होते. हवा हेही असेच एक गायरान आहे.

या मताला एलिनॉर ऑस्ट्रम या अमेरिकन विदुषींनी उत्तर दिले. स्वित्झर्लंडची डोंगरी कुरणे, जपानची गावरान जंगले, स्पेनमधील पाटपाणी यांचा अभ्यास करून त्यांनी १९९० साली ग्रंथ लिहिला. जेथे वापरणारे लोक एकत्र बसून नियम करतात, पाळले जातात की नाही ते स्वतः पाहतात आणि मोडणाऱ्याला जाब विचारतात, तेथे सामाईक संपत्ती शतकानुशतके टिकते, असे त्यांनी दाखवून दिले. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

याचे उदाहरण आपल्याकडेही आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला. तिचा पहिला नियमच सगळ्या रूढ समजुतींच्या विरुद्ध होता. पाणी जमिनीच्या प्रमाणात मिळणार नाही, माणसांच्या प्रमाणात मिळेल. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढेच पाणी. भूमिहीनालाही पाण्यात हक्क. उसाला पाणी नाही. दुष्काळात एकटा शेतकरी फार तर आपली विहीर आणखी खोल करू शकतो, आणि त्याने शेजाऱ्याची आटते. सभासद झाल्यावर तोच शेतकरी उसाला नाही म्हणू शकला, कारण शेजारीही नाही म्हणणार याची त्याला खात्री होती.

सत्तावीस विद्यार्थी

गावाचे ठीक आहे. पण जगाचे काय? या शंकेने मला बरेच दिवस अडविले होते. त्यावर मला सापडलेले उदाहरण विद्यार्थ्यांचेच आहे.

पॅसिफिक महासागरात वानुआतु नावाचा द्वीपांचा देश आहे. लोकसंख्या सुमारे तीन लाख; आपल्या एखाद्या तालुक्याएवढी. समुद्राची पातळी वाढत आहे, चक्रीवादळे येत आहेत, आणि या बेटांचा जगाच्या धुरातील वाटा नगण्य आहे. २०१९ साली तेथील साउथ पॅसिफिक विद्यापीठाच्या कायद्याच्या वर्गातील २७ विद्यार्थ्यांनी एक विचार मांडला. हवामानाच्या बाबतीत राष्ट्रांची कायदेशीर जबाबदारी कोणती, हे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयालाच विचारावे. वर्गातल्या अभ्यासातून निघालेली ही कल्पना होती. त्यांनी पॅसिफिक देशांच्या सरकारांना पत्रे लिहिली. वानुआतुच्या सरकारने ती कल्पना उचलली. २९ मार्च २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने हा प्रश्न न्यायालयाकडे पाठविण्याचा ठराव एकमताने संमत केला. डिसेंबर २०२४ मध्ये सुनावणी झाली. २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने आपले मत दिले. हवामानाचे रक्षण करणे हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे, आणि ते मोडणाऱ्याला भरपाईचीही जबाबदारी येऊ शकते, असे न्यायाधीशांनी एकमुखाने सांगितले.

हे मत सल्ल्याच्या स्वरूपाचे आहे, हे मी विसरत नाही. त्याने कोळशाची एकही खाण बंद झालेली नाही आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी आमची माती वाहून गेली. परंतु त्या २७ जणांचा एकेकट्याचा वाटा माझ्यापेक्षा फार मोठा नव्हता. ते गिऱ्हाईक म्हणून उभे राहिले असते, तर त्यांनाही आपल्या घरातील दिवेच मोजावे लागले असते. ते वर्ग म्हणून उभे राहिले, मग देश म्हणून, मग अनेक देश म्हणून. वाट्याचा हिशेब भागाकाराचा असतो आणि त्यात माणूस लहान लहान होत जातो. सभासदाचा हिशेब बेरजेने चालतो.

आमचा ओढा

हे सर्व वाचून झाल्यावर मी पुन्हा ओढ्याकडे आले. पाऊस जगाच्या हवेतून आला हे खरे. पण पाणी रानात का शिरले? वडिलांनाच विचारले. ते म्हणाले, त्यांच्या लहानपणी ओढा आताच्या दुपटीने रुंद होता. दोन्ही काठच्या लोकांनी दरवर्षी हात हातभर बांध पुढे सरकवला. मी विचारले, "आपण पण?" थोड्या वेळाने ते म्हणाले, "आपुन पण."

मी एकोणीस वर्षांची आहे. मतदार यादीत माझे नाव आहे. म्हणजे कायद्याने मी ग्रामसभेची सभासद आहे, हे मला राज्यशास्त्राच्या तासाला कळले होते. त्याचा अर्थ आता कळला. ओढ्याची मोजणी करून तो मोकळा करावा, असा विषय ग्रामसभेत मांडायचे मी ठरविले. आई नको म्हणाली. माती गेलेल्या रानातून आणखी दोन गुंठे सोडायचे, हे तिला पटत नव्हते, आणि तिचे चूक होते असे मी म्हणणार नाही. वडील काहीच बोलले नाहीत.

त्यानंतरच्या ग्रामसभेत मी उभी राहिले. आवाज कापत होता. कोणीतरी मागून म्हणाले, "आधी सवताच्या बापाचा बांध बघ." त्यावर वडील उठले आणि म्हणाले, "आमच्यापासूनच धरा." मग बराच वेळ कोणी बोलले नाही. त्यानंतर ओढ्याकाठच्या आणखी तिघांनी मान डोलावली. मोजणीसाठी अर्ज करण्याचा ठराव झाला. मोजणी अद्याप झालेली नाही. काठावरच्या दोन मोठ्या शेतकऱ्यांनी ठरावावर सही केलेली नाही. आमचा बांध मात्र जुन्या खुणेपर्यंत मागे आला आहे.

हे कार्य फार लहान आहे. त्याने हवेतील एक कणही कमी झालेला नाही, आणि पुढच्या वर्षी तसाच पाऊस पडला तर आमचे रान वाचेलच असेही मला सांगता येत नाही. पण वसतिगृहातील आमच्या खोलीत आता या विषयावर बोलणे होते. खोलीतील एका मैत्रिणीच्या गावातही असाच एक ओढा आहे, आणि तीही आपल्या गावच्या ग्रामसभेची सभासद आहे.

वडिलांनी विचारले होते, "आपुन काय करायचं?" त्या दिवशी मी 'आपुन' या शब्दाकडे लक्ष दिले नव्हते. मी त्याचा अर्थ 'मी' असा घेतला होता आणि म्हणून मला उत्तर सापडत नव्हते.