रीडिंग जुळवायची सवय गेटबाहेर ठेव

तुला ओजेटीसाठी (ऑन-द-जॉब ट्रेनिंग) औषध कंपनीच्या क्यूसीत (क्वालिटी कंट्रोल) जागा मिळाली, हे तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. त्यावर ती म्हणाली, ‘तू जरा कुणाच्या कानावर घाल.’ कुणाच्या कानावर काही घालायची गरज नाही. घालायचंच तर तुझ्याच कानावर घालते. माझी सगळी नोकरी क्यूसीत गेली, तेव्हा मावशी म्हणून नाही तर निदान जुनी केमिस्ट म्हणून ऐक.

आधी हिशेब. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात ओजेटीला चार क्रेडिट आहेत. यूजीसीच्या चौकटीत इंटर्नशिपचं एक क्रेडिट म्हणजे 30 तास, म्हणून चारांचे 120. दिवस मोजायचे नाहीत, तास मोजायचे. रोज आठ तास भरले तर पंधरा दिवसांत संपतं, सहा भरले तर वीस लागतात. मधली जेवणाची सुट्टी धरायची की नाही, हे जायच्या आधी कॉलेजात विचारून घे. कंपन्यांचं प्रमाणपत्र ठरलेल्या छापाचं असतं: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, वर्तणूक चांगली. त्यात तासांचा आकडा नसतो आणि नेमका तोच कॉलेजला हवा असतो. म्हणून कॉलेजचा नमुना पहिल्याच दिवशी एचआरला नेऊन दे. रोजच्या नोंदवहीवर रोज संध्याकाळी सही घे. ‘शेवटच्या दिवशी सगळ्या एकदम घेऊ’ असं मैत्रिणी म्हणतील. शेवटच्या दिवशी तुझे कंपनीतले सर ऑडिटमध्ये अडकलेले असतात, हा निसर्गनियम समज.

पैसे भरून घरबसल्या प्रमाणपत्र देणारे हल्ली गल्लोगल्ली झालेत. त्यांच्याबद्दल दुसरं वाक्य लिहीत नाही.

आता मुद्द्याचं. तुम्ही कॉलेजात सी.बी.आर., म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, लिहिता ना? ब्युरेटचं पहिलं रीडिंग 10.2, दुसरं 10.4 आलं, तिसरं करायला वेळ नाही. मग तिन्ही रकान्यांत 10.2 आणि खाली सी.बी.आर. 10.2. शेजारणीचं 10.2 असेल तर आपलंही तेच. जर्नलला सही मिळते, दहापैकी नऊ गुण पडतात. ही सवय इतकी अंगात मुरते की तिला आपण खोटं म्हणतही नाही, ‘जुळवलं’ म्हणतो. क्यूसीत शिकण्यासारखं पुष्कळ आहे, पण तुला सोडायची आहे ती ही एक सवय. बाकीचं मशीनचं ज्ञान आज ना उद्या येतंच.

तिथं बरोबर उत्तर कुणालाच नको असतं. आलेलं उत्तर हवं असतं, आलं तेव्हाच लिहिलेलं. तळहातावर, टिश्यूवर, जुन्या क्रोमॅटोग्रामच्या पाठीवर काहीही टिपायचं नाही; थेट त्या कामासाठी दिलेल्या पानावर. पेन्सिल नाही, व्हाइटनर नाही. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख आणि का बदलला ते दोन शब्दांत. वजनकाट्याची छापील चिठ्ठी थर्मल कागदावर असेल तर ती काही महिन्यांत फिकी पडते, म्हणून तिची झेरॉक्स काढून दोन्ही एकत्र लावतात. हे सगळं तुला पहिल्या दिवशी ‘अल्कोआ’ या नावानं फळ्यावर लिहून दाखवतील: कुणी केलं ते कळावं, वाचता यावं, त्याच वेळी लिहिलेलं असावं, मूळ असावं, अचूक असावं. पाठ कर, पण परीक्षेसाठी नव्हे. दुपारी चार वाजता, सकाळी अकराची वेळ टाकून एखादी नोंद भरायचा मोह होईल, तेव्हा ते आठवलं पाहिजे. अशा वेळी आताचीच वेळ टाकायची आणि ‘नोंद उशिरा केली’ असं स्वच्छ लिहायचं. उशीर चालतो. मागची वेळ चालत नाही.

एवढं काय त्यात, असं तुला वाटेल. 1986 साली, तू काय, तुझ्या आईचंही लग्न व्हायचं होतं, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 14 रुग्ण दगावले. त्यांना उपचारात ग्लिसरॉल दिलं होतं, आणि त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होतं. दोन्ही द्रव बिनरंगी, दोन्ही दाट, दोन्ही चवीला गोड. डोळ्यांना फरक कळत नाही. कळतो तो तपासणीत. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगानं त्याची चौकशी केली, तिची चर्चा महाराष्ट्रात पुढं कितीतरी दिवस चालली होती. आज ग्लिसरॉल आलं की गॅस क्रोमॅटोग्राफवर डायएथिलीन ग्लायकॉल 0.1 टक्क्याच्या आत आहे का, ते पाहावंच लागतं. तुला कदाचित हे काम शेजारी उभं राहून बघायला मिळेल. कंटाळवाणं असतं, आणि निकाल जवळजवळ नेहमीच चांगला येतो. म्हणूनच तिथं तपासणी न करता निकाल लिहून टाकणारा माणूस सर्वांत धोक्याचा.

आता समजा, तू केलेल्या नमुन्याचा निकाल मर्यादेबाहेर गेला. शिकाऊ मुलींचा पहिला विचार ठरलेला असतो: माझंच काहीतरी चुकलं, गपचूप पुन्हा करते. तसं करायचं नाही. फ्लास्क धुवायचा नाही, वायल फेकायची नाही, दुसरं इंजेक्शन द्यायचं नाही. सगळं जसं आहे तसं टेबलावर ठेवून सरांना हाक मार. ते उरलेलं द्रावणच तुझा साक्षीदार असतं. विरळ करताना चूक झाली, फ्लास्क चुकीच्या मापाचा घेतला, स्टँडर्डचं वजन चुकलं, हे शोधायला तेच लागतं. ते धुतलंस तर तू निर्दोष असलीस तरी सिद्ध करता येणार नाही. अमेरिकेत 1993 साली बार लॅबोरेटरीज नावाच्या कंपनीचा खटला झाला, त्यात न्यायालयासमोर हाच प्रश्न होता: निकाल पसंत पडेपर्यंत चाचणी पुन्हा पुन्हा करत राहायची का? नाही, असं ठरलं. आज भारतातल्या प्रत्येक औषध कंपनीत मर्यादेबाहेरच्या निकालाची जी लांबलचक कार्यपद्धती असते, तिच्या मुळाशी तो निकाल आहे. सर वैतागतील, कपाळाला हात लावतील. लावू देत. नंतर तेच सर तुझं नाव लक्षात ठेवतील.

पासवर्डचं एक ऐकून ठेव. एचपीएलसीवर प्रत्येकाचा स्वतःचा लॉगिन असतो आणि कोण कधी बसलं, कुठला पीक कुणी पुन्हा इंटिग्रेट केला, हे ऑडिट ट्रेलमध्ये राहतं. कामाच्या गर्दीत एखादा दादा प्रेमानं म्हणेल, ‘माझ्या लॉगिननं रन लाव, मी चहा घेऊन येतो.’ बसायचं नाही. भांडायचंही नाही. ‘दादा, माझं ट्रेनिंग रेकॉर्ड अजून झालं नाही, तुम्ही लावा, मी शेजारी बसून बघते,’ एवढं म्हणायचं. तो चिडत नाही. त्यालाही माहीत असतं. तसंच, शिकाऊ म्हणून तू केलेल्या विश्लेषणावर विश्लेषक म्हणून तुझी सही नसते. कुणी करायला सांगितली तर हेच वाक्य वापर.

यंत्राबद्दल थोडं सांगते, कारण तिथं कॉलेजातल्या मुलांची तारांबळ उडते. बफरचा पीएच अॅसिटोनायट्राइल मिसळायच्या आधी बघायचा, नंतर नाही. मोबाइल फेज 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून, हवा काढून मगच लावायचा. नमुना लावायच्या आधी स्टँडर्ड पाच-सहा वेळा देऊन आरएसडी बघतात, साधारण 2.0 टक्क्यांच्या आत लागतो. तो बसला नाही तर पुढं जायचं नाही, कितीही वाजले असोत. आणि संध्याकाळी घाईघाईनं फॉस्फेट बफरवरून थेट अॅसिटोनायट्राइलवर उडी मारायची नाही. क्षार बाहेर पडतात, कॉलम आणि पंप दोन्ही चोंदतात. आधी थोडंसं ऑरगॅनिक घातलेल्या पाण्यानं धू, मग ऑरगॅनिक वाढव. कॉलमची किंमत एकदा विचारून बघ, घाई आपोआप कमी होईल. वजनकाट्याचा बुडबुडा मध्यावर आहे का, दार लागलंय का, सकाळचं कॅलिब्रेशन झालंय का, हे बघितल्याशिवाय बटणाला हात लावू नकोस. पिपेटमध्ये उरलेला शेवटचा थेंब फुंकायची सवय असेल तर ती मोड. ए वर्गाची पिपेट तो थेंब धरूनच मापलेली असते.

प्रश्न विचारायला लाजू नकोस, पण वेळ बघ. विश्लेषक मोजून काही टाकत असताना, आकडे उतरवत असताना हाक मारायची नाही. रन लागला की वीस मिनिटं मोकळी असतात, तेव्हा विचार. फार्माकोपिया हातात घेऊन विचार. इंडियन फार्माकोपियातला त्या औषधाचा मोनोग्राफ आदल्या रात्री वाचून गेलीस, तर तुझे प्रश्नच बदलतात. ‘हे कसं करतात’ असं विचारणाऱ्या मुलीला काम दाखवतात. ‘इथं हीच तरंगलांबी का’ असं विचारणारीला शेजारची खुर्ची देतात. आणि ग्लासवेअर धुणाऱ्या मावशींना नमस्कार केल्याशिवाय आत जाऊ नकोस. कुठला फ्लास्क कुठं असतो, कोण सर सकाळी बोलण्याच्या मनःस्थितीत नसतात, कुठल्या हूडचा पंखा कुरकुरतो, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

गॉगल डोळ्यांवर घालायचा असतो, कपाळावर नाही. केस बांध, ओढणी घरी ठेव, पायात बंद बूट घाल. हातातल्या बांगड्या, अंगठी काढूनच जा. उत्पादन विभागात न्यायची वेळ आली तर दारातच काढायला लावतील, मग ते सगळं रुमालात गुंडाळून सांभाळत बसावं लागतं. साप्ताहिक सुट्टी रविवारीच असेल असं धरू नकोस. पिंपरी-चिंचवडकडे बऱ्याच ठिकाणी गुरुवारी असते. कॉलेजचे लेक्चर, कंपनीची सुट्टी आणि तुझे 120 तास यांचं कोष्टक आधीच मांड. कंपनीची बस कुठं थांबते ते विचार आणि दहा मिनिटं आधी जा. ती बस कुणासाठी थांबत नाही, मॅनेजरसाठीसुद्धा.

अहवालाकडे येते. फोन लॉकरमध्ये ठेवायला सांगतील, ठेव. यंत्रासमोरचा सेल्फी, लेबलचा फोटो, बॅच नंबर दिसणारा क्रोमॅटोग्राम, यातलं काही बाहेर आणायचं नाही. तू गोपनीयतेच्या कागदावर सही केलेली असते, न वाचता का होईना. मुलं इथंच अडतात: मग अहवालात लिहायचं काय? पद्धत लिही. औषधाला ‘औषध अ’ म्हण. फार्माकोपियातली पद्धत छापील असते, ती नाव घेऊन लिहिता येते. कंपनीची स्वतःची पद्धत येत नाही. क्रोमॅटोग्राम हवाच असेल तर सरांना सांगून, नावं झाकलेला, त्यांच्या परवानगीनं. अहवाल कॉलेजला द्यायच्या आधी सरांच्या नजरेखालून घाल. त्यांना वाचायला चार दिवस लागतील, ते धरून चाल. इंटरनेटवरून उचललेली एचपीएलसीची पाच पानी प्रस्तावना टाळ. परीक्षकानं ती आधीच्या अहवालांत वाचलेलीच असते. त्यापेक्षा एक दिवस निवड, ज्या दिवशी काहीतरी बिघडलं होतं, आणि ते कसं सापडलं ते क्रमानं लिही. तोंडी परीक्षेला तुला त्याच पानावर प्रश्न येतील, आणि त्याची उत्तरं तुला पाठ करावी लागणार नाहीत.

स्टायपेंड मिळेल असं गृहीत धरू नकोस. मिळाला तर घरी पेढे आण.

निघताना ओळखपत्र, लॉकरची किल्ली, अॅप्रन परत केल्याची पोच घे. प्रमाणपत्रावर नावाचं स्पेलिंग गुणपत्रिकेसारखंच आहे का, तास लिहिलेत का, शिक्का आणि सही दोन्ही आहेत का, हे एचआरच्या टेबलासमोर उभी राहूनच बघ. घरी येऊन बघितलंस तर पुन्हा बसचे पैसे. सत्राचा निकाल लागल्यावर डिजिलॉकरमध्ये अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात चार क्रेडिट जमा दिसतायत का ते तपास. दिसत नसतील तर परीक्षा विभागात लगेच अर्ज टाक, आणि अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नकोस.